पूर्वीसारखी मजा

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी या सदरातून तीन रविवार रजेवर होतो. गेल्या रविवारी परतलो आणि मंगळवारी पोस्टकार्ड आलं. 'लेख वाचला. पूर्वीसारखी मजा राहिली नाही. कळावे. – एक जुना वाचक.' पन्नास पैशांचं कार्ड, त्यातही निम्मी जागा कोरी.

सहानुभूती मिळेल या आशेने मी ते जेवताना मोठ्यांदा वाचून दाखवलं. सौ. म्हणाली, "अक्षर छान आहे हो त्यांचं." लेकीने मोबाइलमधून मान वर न करता निकाल दिला, "बाबा, तुमचं 'रिव्हायव्हल' झालं." मी खूश झालो. पुनरुज्जीवन म्हणजे चांगलंच की! मग तिने खुलासा केला.

एमिनेम हा डेट्रॉइटचा रॅपर. चार वर्षांच्या खंडानंतर, वयाच्या ४५व्या वर्षी, १५ डिसेंबर २०१७ रोजी त्याचा 'रिव्हायव्हल' हा अल्बम आला. जाहिरात काय, तर त्याच नावाच्या एका खोट्या औषधाची. समीक्षकांना ते औषध काही मानवलं नाही. परीक्षणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर १०० पैकी ५० गुण. खपात मात्र तो अमेरिकेत थेट पहिल्या क्रमांकावर, तेही लागोपाठ आठव्या अल्बमला.

"पन्नास म्हणजे आमच्या वेळी सेकंड क्लास," मी म्हणालो. "पेढे वाटायचे लोक."

डोळ्यांत दिवसातून चार वेळा थेंब घालायचे आणि मिटून पडायचं, एवढंच सध्या काम असल्यामुळे लेकीचे हेडफोन लावून अल्बम ऐकला. १९ गाणी, ७७ मिनिटं. थेंबांच्या सहा खेपा लागल्या. (मराठी माणसाने रॅपवर लिहिताना पोवाड्याचं नाव काढलंच पाहिजे असा दंडक आहे. तो मी पाळणार नाही.) पहिल्याच गाण्यात कागद चुरगाळल्याचा आवाज येतो. मी उठून बसलो. तो आवाज मी झोपेतही ओळखेन. लोकांनी आपल्याकडून चमत्काराची अपेक्षा धरली आहे आणि आपण तर साधा माणूस, हल्ली जमत नाही, असा सगळा सूर. म्हणजे समीक्षकांनी पुढे जे लिहिलं ते या गृहस्थाने आधीच गाऊन ठेवलं होतं! ध्रुवपद बियॉन्सेचं, त्यामुळे कबुलीसुद्धा भारदस्त वाटते.

इथे थांबला असता तर मी त्याचा भक्त झालो असतो. पण पुढे अठरा गाणी आहेत, आणि अल्बमभर पाहुणे. एड शीरन, अलिशिया कीज, पिंक. स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुण्यांचे सत्कार संपेपर्यंत मुलांचं नाटक राहून जातं, तसं झालं आहे. अधूनमधून जुन्या रॉक गाण्यांचे तुकडेही घेतलेत. समीक्षक रागावले ते फार चुकीचं नव्हतं, हे मला कबूल आहे. शेवटची दोन गाणी मात्र निराळी. एकात मुलीला लिहिलेली पत्रं, दुसऱ्यात २००७ साली गोळ्यांच्या अतिसेवनाने मरता मरता वाचला तो प्रसंग. तिथे मी डोळे उघडायचं विसरलो.

मला खरा आवडला तो त्याचा पुढचा उद्योग. साडेआठ महिन्यांनी, ३१ ऑगस्ट २०१८ रोजी, कुठलीही वाच्यता न करता त्याने 'कामिकाझी' आणला आणि पहिल्याच गाण्यापासून टीकाकारांना झोडायला घेतलं. रागाच्या भरात एका तरुण रॅपरबद्दल असा शब्द वापरला की, नंतर मुलाखतीत जरा जास्तच झालं म्हणून मान्य करावं लागलं. तरी काय झालं! सांगितलं ना त्याने सगळ्यांना!

मी त्याच रात्री कागद घेतला. जुन्या वाचकांना चार पानी उत्तर. नेमकी कुठली मजा, कुठल्या साली होती, पुराव्यानिशी दाखवा, असा एकूण रोख. पुरावा माझ्याकडेही हवा म्हणून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. वाचकांची पत्रं मी त्यात ठेवतो. कुकरच्या शिट्टीवरच्या लेखाला आलेली एकवीस पत्रं वर होती. एका डोळ्याने वाचत तळापर्यंत गेलो. तळाला त्याच अक्षरातलं एक कार्ड, कोपरा गंजाने तांबडा झालेला. 'लेख वाचला. पूर्वीसारखी मजा राहिली नाही. कळावे.' शिक्क्यावरची तारीख बायकोने भिंगातून वाचून दिली. सदर सुरू होऊन तेव्हा दोन आठवडे झाले होते.

म्हणजे त्यांची ती 'पूर्वी' एका लेखाची. तो कुठला, म्हणून कात्रणं चाळली. तूरडाळीच्या भावावर होता. वाचून पाहिला. बरा होता, खोटं कशाला सांगू?

"चार पानं पाठवणार आहात का त्यांना?" सौ.ने विचारलं.

"विचार करतोय."

"वाचायचं बंद करतील हं ते."

पानं अजून फ्रिजवर आहेत, वर थेंबांची बाटली ठेवली आहे. आज पोस्टमन येऊन गेला. विजेचं बिल आलंय.