मगरिबच्या आधीचा उजेड

असरची नमाज झाली की माझी भाची रंगपेटी घेऊन दादर चौपाटीवर जाते. मगरिबच्या आत घरी यायचे, एवढीच अट. गेल्या महिन्यात अम्मीने, म्हणजे तिच्या नानीने, विचारले, "पोरीच्या जातीने एकटं काय बसायचं? आणि तसवीर काढणं आपल्यात चालतं का?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माणसांच्या आणि प्राण्यांच्या चित्रांविषयी उलेमांत मतभेद आहेत. पण हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी एका चित्रकाराला झाडे आणि निर्जीव वस्तू रंगवायची मुभा दिली, हे सहीह बुखारीत आले आहे. समुद्राची, आभाळाची चित्रे त्यात बसतात.

राहिला एकटेपणा. त्यासाठी मी अम्मीला आबालाल रहिमान यांची गोष्ट सांगितली. कोल्हापूरचा हा मुसलमान चित्रकार मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकला, पुन्हा गावी परतला आणि शाहू महाराजांचा दरबारी चित्रकार झाला. त्यांनी लग्न केले नाही. कोटितीर्थ तलावाच्या परिसरात ते फकिरासारखे राहिले आणि तेच पाणी, तीच झाडे पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. १९३१ मध्ये ते गेले.

रोज तेच कशाला? कारण उजेड रोज तोच नसतो. फ्रान्समध्ये क्लोद मोने यानेही १८९०-९१ मध्ये गवताच्या गंजी सकाळी, संध्याकाळी, बर्फात अशा वेगवेगळ्या उजेडात रंगवल्या. त्या चित्रकारांनी दाखवून दिले की सावली नुसती काळी नसते, ती निळी-जांभळीही असते. पण हे दिसायला एका जागी, गप्प, बराच वेळ बसावे लागते. गर्दीत ते होत नाही. रात्र आणि दिवस यांच्या येण्या-जाण्यात निशाण्या आहेत, असे कुरआन सांगतो. त्या पाहायलाही सवड लागतेच की.

परवा अम्मी स्वतः चौपाटीवर गेली. तसबीह घेऊन थोडी लांब बसली. कागद पाहून म्हणाली, "पाणी नारिंगी कुठं असतं?"

"नानी, आत्ता बघा."

सी-लिंकच्या मागे सूर्य टेकला होता. अम्मी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "चल, अजान होईल."

सुट्टीत दादरहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने कोल्हापूरला जाल, तेव्हा टाउन हॉल संग्रहालयात आबालाल यांची चित्रे मुलांना जरूर दाखवा. आणि घरातले एखादे मूल खिडकीशी एकटेच बसलेले दिसले, तर लगेच हाक मारू नका.