स्मार्ट पर्यटन : कोणाच्या हिताचे?

रविवार, 15 जून 2025 रोजी दुपारी मावळ तालुक्यातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला. चार माणसे मृत्युमुखी पडली, अनेक जखमी झाली. पूल धोकादायक असल्याचा फलक तेथे होता. नव्या पुलासाठी निधीही मंजूर झालेला होता. नव्हता तो फक्त पूल. मात्र तेथवर जाण्याचा रस्ता प्रत्येकाच्या खिशातील मोबाईल बिनचूक दाखवीत होता.

‘स्मार्ट पर्यटन’ या नव्या मंत्राची परीक्षा या घटनेच्या संदर्भातच झाली पाहिजे. विद्वानांनी या संज्ञेची जी व्याख्या केली आहे, तिचा मथितार्थ असा की, स्थळाविषयीची, प्रवाशांविषयीची आणि शासकीय यंत्रणांकडील माहिती एकत्र करून तिच्या आधारे प्रवाशाचा अनुभव समृद्ध करावा, व्यवसायाला चालना द्यावी आणि स्थळाचे दीर्घकालीन हितही सांभाळावे. नकाशे, आरक्षणाची ॲप, गर्दी मोजणारे कॅमेरे आणि संवेदक ही त्याची साधने. व्याख्येत वावगे काही नाही. प्रश्न असा आहे की, माहिती कोणाच्या मालकीची आणि ती कोणासाठी राबते?

अर्थशास्त्राचा साधा नियम येथे लागू होतो. ज्या माहितीने गिऱ्हाईक येते, ती बाजार भरभरून पैदा करतो. ज्या माहितीने गिऱ्हाईक परत फिरेल, ती पैदा करण्यात बाजाराला स्वारस्य नसते. धबधब्याची चित्रफीत लाखोंपर्यंत पोहोचते. परंतु पुलावर या घटकेला किती माणसे आहेत आणि तो किती माणसांचा भार पेलू शकतो, हे सांगणे कोणाच्याच नफ्याचे नाही. आरक्षणावरची दलाली कंपनीच्या खात्यात जमा होते. कचरा, वाहतुकीची कोंडी आणि बुडालेल्यांचा शोध हे सारे गावाच्या पदरात पडते.

कोणी म्हणेल, फलक असताना लोक गेलेच कशाला? बेफिकिरी झाली, हे मान्य. परंतु फलकाला डोकी मोजता येत नाहीत. शिवाय ही गर्दी अकल्पित नव्हती. हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमधील हजारो तरुणांना सुट्टी शनिवार-रविवारची. पाऊस पडला की ते मावळ-मुळशीकडे निघणार, हे सांगायला ज्योतिषी नको. 30 जून 2024 हाही रविवारच होता. त्या दिवशी लोणावळ्याला भुशी धरणाच्या वरच्या अंगाच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. वर्षाच्या आत कुंडमळा घडले. परदेशी कंपन्यांच्या प्रणाली येथे रात्रंदिवस लिहिल्या जातात, आणि त्याच पट्ट्यातील एका पुलावरची माणसे मोजण्याची सोय होत नाही, हा दोष तंत्रज्ञानाचा नसून अग्रक्रमाचा आहे.

2015 साली सुरू झालेल्या स्मार्ट सिटी योजनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही दोन्ही शहरे होती. मार्च 2025 मध्ये ती योजना संपली. स्मार्टपणाची हद्द महापालिकेच्या हद्दीपाशीच थांबली. खुद्द हिंजवडी त्या काळात हद्दीबाहेर राहिली, मग कुंडमळ्याची काय कथा?

उपाय अशक्य नाही. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे 2024 पासून उटी आणि कोडाईकनाल येथे वाहनांना ई-पास सक्तीचा झाला. किती वाहने येतात याचा हिशेब तरी शासनाच्या हाती आला. मात्र पासाचे रूपांतर प्रवेशशुल्कात होऊन निसर्ग हा पैसेवाल्यांची मिरास होता कामा नये. पास विनामूल्य असावा, मोटारीपेक्षा एस.टी.ने येणाऱ्याला प्राधान्य मिळावे, गर्दीची मर्यादा ग्रामसभेच्या संमतीने ठरावी आणि गर्दीची माहिती सार्वजनिक असावी. नकाशाच्या धंद्यावर नफा मिळवणाऱ्या कंपन्यांवर धोक्याची सूचना दाखवण्याचे बंधन कायद्याने घालावे.

जुलै 2025 मध्ये लोहगडासह 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. अभिमानाची गोष्ट आहे. पण अभिमानामागून गर्दीही येणार. लोहगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना विश्वासात घेऊन आजच ही व्यवस्था उभारायची, की आणखी एका रविवारची वाट पाहायची, याचे उत्तर शासनाने द्यायचे आहे, आणि ते मागून घेण्याची जबाबदारी आपली आहे.