आई-वडील गेल्यानंतरचा विसरभोळेपणा

"डॉक्टर, माझा मेंदू तपासा. दूध गॅसवर ठेवते आणि विसरते. संध्याकाळी बाबांचा खोकला ऐकू येतो. त्यांना जाऊन दोन महिने झाले."

आई किंवा वडील गेल्यावर अशा तक्रारी घेऊन बरेच जण येतात. सोबतचे नातेवाईक एमआरआय किंवा निदान झोपेची गोळी मागतात. माझ्या मते, बहुतेकांना सुरुवातीला या दोन्हींची गरज नसते.

दुःखात झोप मोडते आणि मन सारखे गेलेल्या माणसाकडे धावते. लक्षच नसेल तर गोष्टींची नोंद मेंदूत होणार कशी? म्हणजे बिघडते ते बहुधा लक्ष, आठवणींचा साठा नव्हे. झोप आणि जेवण रुळावर आले की हळूहळू फरक पडतो.

आवाज ऐकू येणे म्हणजेही वेड नव्हे. वेल्समधील डॉ. डेवी रीस यांनी १९७१ साली जोडीदार गमावलेल्या २९३ जणांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या जवळपास निम्म्यांना गेलेल्या माणसाचे काही ना काही भास झाले होते. बहुतेकांनी ते कुणाला सांगितले नव्हते.

खरी चूक आपली होते. "तेरावं झालं, आता सावर," असे म्हणून आपण विषयच बंद करतो. मग डोळ्यांसमोर राहतो तो फक्त आयसीयूतला शेवटचा चेहरा. त्याआधीची पन्नास वर्षे परत आणायची, तर बोलावे लागते. बाबांची स्कूटर, त्यांचा चहा, त्यांचा रागसुद्धा.

मात्र दोन गोष्टी दुर्लक्षू नका. वडील गेल्यावर वयस्कर आई विसरू लागली, तर "दुःखामुळे असेल" म्हणून सोडून देऊ नका. कधी कधी तिचा विसर आधीपासूनच असतो. वडील तो सांभाळून घेत असतात. थायरॉईड, बी-१२ आणि स्मरणशक्ती तपासून घ्या.

दुसरे म्हणजे, सहा महिने ते वर्ष उलटूनही दुःखाची धार तशीच असेल आणि रोजचे व्यवहार ठप्प असतील, तर त्यावर उपचार आहेत. जगणे नको वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नका. डॉक्टरांना भेटा किंवा १४४१६ या 'टेली-मानस' क्रमांकावर मोफत फोन करा.

बाकीच्यांना माझे एकच सांगणे: आज जेवताना त्यांचे नाव काढा. डोळ्यांत पाणी आले, तर येऊ द्या.