मनाई आणि अटकाव

'येथे थुंकू नये' अशी पाटी लावलेली असते आणि नेमकी तिच्याखालचीच भिंत पिचकाऱ्यांनी रंगलेली असते. म्हणजे मनाई आहे, पण अटकाव नाही. इंग्रजीत मनाई करण्याला 'प्रोहिबिट' आणि अटकाव करण्याला 'प्रिव्हेंट' म्हणतात. पुष्कळजण हे दोन शब्द एकच समजतात.

'प्रिव्हेंट' मूळचा लॅटिन. 'प्रे' म्हणजे आधी आणि 'व्हेनिरे' म्हणजे येणे. वाईट घडण्याआधी आपण तिथे पोहोचायचे, हा त्यातला भाव.

वापरताना एवढे लक्षात ठेवा. 'प्रिव्हेंट हिम टू गो' हे चूक, 'प्रिव्हेंट हिम फ्रॉम गोइंग' हे बरोबर. आपण स्वतः एखादी गोष्ट टाळतो तेव्हा मात्र 'अव्हॉइड'. तळलेले खाणे आपण 'अव्हॉइड' करतो, त्यामुळे होणारा त्रास 'प्रिव्हेंट' होतो.

हा फरक किती मोलाचा आहे, ते दिल्लीत संसदेने २०१३ साली केलेल्या एका कायद्यात दिसते. नोकरीच्या जागी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा हा कायदा. त्याच्या नावातच 'प्रिव्हेन्शन', 'प्रोहिबिशन' आणि 'रिड्रेसल' असे तीन शब्द आहेत. मराठीत प्रतिबंध, मनाई व निवारण. छळ करू नये, ही मनाई. झाल्यास तक्रारीची दाद लागावी, हे निवारण. पण पहिला मान प्रतिबंधाचा.

म्हणूनच दहा किंवा अधिक माणसे काम करतात अशा प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष स्त्री असावी आणि निम्म्या तरी सदस्य स्त्रिया असाव्यात. समिती नेमल्याचा आदेश सर्वांना दिसेल असा लावणे आणि कर्मचाऱ्यांसाठी जागृतीचे कार्यक्रम घेणे, हे मालकाचे कर्तव्य आहे. लहान ठिकाणी काम करणाऱ्या व घरकाम करणाऱ्या स्त्रियांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी लागते.

तुमची मुलगी किंवा सून गुरुग्राम-नोएडाला नोकरीसाठी निघाली असेल, तर पगार आणि राहण्याची सोय तुम्ही विचारालच. त्याबरोबर हेही सांगा, ''पहिल्याच आठवड्यात समितीवर कोण कोण आहे ते पाहून ठेव.'' गरज पडण्याआधी विचारलेला हा प्रश्न म्हणजेच 'प्रिव्हेंट'.