न लागणारा ठोसा



परवा मधल्या सुट्टीत आमच्या चौथीच्या वर्गात जोरदार ‘ढिशूम ढिशूम’ चाललं होतं. एक झाला महेश, दुसरा लक्ष्या आणि बाकीचे सगळे कवट्या महाकाळची माणसं! महेश कोठारे यांचा ‘धडाकेबाज’ आला १९९० साली, म्हणजे या मुलांच्या जन्माच्या कितीतरी आधी. पण महेश आणि लक्ष्मीकांत बेर्डे ही जोडी आमच्या मोहन्यातल्या मुलांना अजूनही तोंडपाठ आहे.

खेळता खेळता लक्ष्याचा ठोसा खरोखरच बसला. समोरच्याच्या नाकातून रक्त! लक्ष्या रडवेला होऊन म्हणाला, “बाई, मी खोटं खोटंच मारत होतो हो!”

नाकाला पाणी लावलं, रक्त थांबलं. मग मी वर्गाला अशाच एका जोडीची गोष्ट सांगितली.

घोडे, बंदुका, धूळ असे अमेरिकेतल्या काऊबॉयचे सिनेमे एके काळी इटलीचे लोक काढायचे आणि चित्रण बऱ्याचदा स्पेनमध्ये करायचे! इटलीच्या लांबलचक शेवया म्हणजे स्पॅगेटी. म्हणून या सिनेमांना गमतीने नाव पडलं ‘स्पॅगेटी वेस्टर्न’. त्यांत माणसं पटापट मरायची. पण १९७० साली ‘दे कॉल मी ट्रिनिटी’ आला आणि प्रेक्षक पोट धरधरून हसले. त्यात दोन भाऊ आहेत. ट्रिनिटी महाआळशी पण चपळ. दुसरा धिप्पाड आणि चिडका, त्याचं नाव बाम्बिनो, म्हणजे चक्क ‘बाळ’! ही कामं केली टेरेन्स हिल आणि बड स्पेन्सर यांनी. नावं इंग्रजी, माणसं इटलीची. बड स्पेन्सरचं खरं नाव कार्लो पेदेर्सोली. १०० मीटर फ्रीस्टाइल एका मिनिटाच्या आत पोहणारा तो पहिला इटालियन. हा विक्रम १९५० सालचा!

शेवटी हे भाऊ गरीब शेतकऱ्यांच्या बाजूने लढतात, तेही बंदुकांनी नाही, नुसत्या हातांनी. सिनेमात बाम्बिनोची मूठ डोक्यावर मुसळासारखी आदळते. मग कुणाला लागत कसं नाही?

कारण मूठ चेहऱ्यापासून लांबूनच जाते. कॅमेरा असा ठेवतात, की मधली फट दिसत नाही. ‘धाडकन्’ हा आवाज नंतर भरतात. आणि मुख्य म्हणजे ठोसा कधी येणार, कुठून येणार, हे मार खाणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. दोघांनी मिळून तालीम केलेली असते.

मी लक्ष्याला विचारलं, “तू त्याला आधी सांगितलं होतंस?”

त्याने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तालीम केली. दोघांमध्ये दोन हातांचं अंतर. “एक, दोन, तीन” म्हटल्यावर लक्ष्याने हवेत ठोसा मारला, मागून एकाने टाळी वाजवली आणि कालच्या नाकवाल्याने मान झटकून असं काही लोळण घेतलं, की वर्ग खो खो हसला. सगळ्यांत जास्त टाळ्या त्यालाच मिळाल्या!

तुम्हीही करून पाहा. पण आधी समोरच्याला विचारा हं. तो ‘नको’ म्हणाला, तर खेळ तिथेच संपला.

तुमच्या बाई