लांदचें ‘अरण्य’ आणि सायकलस्वार

परदेशांत सायकलवरून भ्रमंती करून आलेल्या आमच्या सुशिक्षित बंधुभगिनींचीं प्रवासवर्णनें अलीकडे वरचेवर वाचनांत येतात. त्यांत फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील लांद प्रदेशाचें वर्णन बहुधा एकाच सांच्यांतून निघालेलें असतें. एका हातास अटलांटिक महासागराची गाज, दुसऱ्या हातास क्षितिजापर्यंत पसरलेलें पाइन वृक्षांचें ‘आदिम अरण्य’, हवेंत राळेचा सुगंध, आणि या सर्वांच्या मध्यें निसर्गमातेच्या मांडीवर डोकें ठेवून सायकल चालविणारा प्रवासी. (ही कसरत कशी साधते तें लेखकच जाणे!) यांतील महासागर खरा, सुगंधही खरा, अरण्य मात्र खोटें. आणि हा खोटेपणा निरुपद्रवी नाहीं, असें आमचें म्हणणें आहे.

प्रथम वाटेविषयीं. ब्रिटनीच्या किनाऱ्यापासून स्पेनच्या सरहद्दीपर्यंत ‘व्हेलोदिसे’ नांवाचा बाराशें किलोमीटरांहून अधिक लांबीचा सायकलमार्ग आहे. जिरोंदच्या मुखाशीं नावेंतून पलीकडे उतरून दक्षिणेची वाट धरली कीं लाकानो, आर्काशों, बिस्कारोस, मिमिझां अशीं गांवें घेत बायोनपर्यंत तो बव्हंशीं पाइनच्या सावलींतूनच जातो. चढउतार बेताचे, मोटारींचा त्रास थोडा. लहान मुलें बरोबर घेऊन निघालेल्या कुटुंबासही झेपेल असा हा प्रवास आहे, आणि तो कोणी करूं नये असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. परंतु लाकानोच्या आसपास ज्या अरुंद सिमेंटच्या पट्ट्यांवरून चाकें धांवतात, त्यांतील कित्येक दुसऱ्या महायुद्धांत जर्मन सैन्यानें किनाऱ्यावरील तटबंदीच्या कामासाठीं बांधिलेल्या आहेत. आणि बोर्दोहून लाकानोस येणारी वाट एका मोडलेल्या लोहमार्गावरची आहे. मानवाचा स्पर्श न झालेल्या सृष्टीचें दर्शन अशा वाटांवरून होत असेल, तर चमत्कारच म्हणावयाचा.

‘लांद’ या शब्दाचा अर्थच मुळीं माळरान असा आहे. इतकें ठाऊक असतें तरी अर्धें काम झालें असतें. दोनशें वर्षांपूर्वीं, कांहीं जुने वनखंड व ओढ्यांच्या कांठची झाडी वगळली, तर आंतल्या पठारावर नजर जाईल तेथवर गवत आणि खुरटीं झुडुपें होतीं. वाळूखालीं एक कठीण थर बसलेला; त्यामुळें हिवाळ्यांत पाणी जिरेना आणि उन्हाळ्यांत जमीन भाजून निघे. या माळावर मेंढपाळ पायांना उंच काठ्या बांधून चालत. त्यामुळें चिखलांत पाय भिजत नसत व दूर पांगलेला कळप दृष्टीच्या टप्प्यांत राही. तिसऱ्या काठीला टेकून उभ्या उभ्या ते लोंकर विणीत. मेंढ्यांचें खत राय धान्याच्या शेतांत पडे व त्यावर घर चाले. हा माळ कोणा एकाचा नव्हता, गांवाचा होता.

किनाऱ्यावरची गोष्ट थोडी निराळी. तेथें सरकत्या वाळूच्या टेकड्या शेतें आणि घरें गिळीत येत. त्या थोपविण्यासाठीं अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रेमोंतिये या इंजिनीयराने पाइनची पेरणी मोठ्या प्रमाणावर आरंभिली. त्याविरुद्ध आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती तिसऱ्या नेपोलियनच्या १९ जून १८५७ च्या कायद्याविषयीं. त्या कायद्यानें गांवांवर सक्ति झाली कीं, सामाईक माळाचा चर खणून निचरा करावा आणि तेथें झाडें लावावीं. एवढा खर्च गांवांनीं आणावा कोठून? पुष्कळ गांवांनीं माळ विकून टाकले. पुढें अमेरिकेंतील यादवी युद्धानें, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळांत, राळेचे भाव चढले आणि घेणाऱ्यांचें फावलें. आज सुमारें दहा लाख हेक्टरांचें हें वन असून त्याचा नऊ दशांशांहून अधिक भाग खासगी मालकीचा आहे.

यावर ठरलेलें उत्तर असें, कीं ती जमीन पडीक होती, रोगट होती. तिचें सोनें झालें तर बिघडलें काय? निचऱ्यानें हिंवताप हटला, राळेनें व लांकडानें पैसा आला, हें आम्हांस मान्य आहे. पण ‘पडीक’ हा शब्द कोणाचा? ज्याच्या मेंढ्या तेथें चरत होत्या त्याचा तर खास नव्हे. लाबुएर गांवच्या फेलिक्स आर्नोदें (१८४४–१९२१) या गृहस्थानें हा माळ डोळ्यांदेखत नाहींसा होतांना पाहिला. जन्मभर सायकल आणि कॅमेरा घेऊन हिंडून त्यानें तेथील माणसांचीं छायाचित्रें काढलीं, गाणीं व कहाण्या टिपून ठेविल्या. गांवकरी त्याला वेडा म्हणत. आज त्या माळाची जी स्मृति उरली आहे, तींतील फार मोठा भाग या वेड्याच्या पदरचा आहे.

आणि खरी मौज अशी, कीं हें वन अरण्य नव्हे, पीक आहे, हें सायकलस्वाराइतकें सहज कोणालाही कळण्यासारखें नाहीं. मोटारींत बसलेल्यास सगळीं झाडें सारखींच; पायीं जाणारा एका तुकड्यांतून बाहेर पडेपर्यंत थकून जातो. सायकलवर मात्र दर कांहीं मिनिटांनीं वनाचें वय बदलतें. येथें गुडघ्याएवढीं रोपें, पुढें विरळणी झालेले वीस वर्षांचे खांब, त्यापुढें चाळीस-पन्नास वर्षांचे तोडणीस आलेले वृक्ष, आणि मग एकाएकीं उघडें बोडकें चौकोनी मैदान. ओळी आखलेल्या, चर आखलेले. एवढें डोळ्यांसमोर असूनही जो ‘आदिम’ हा शब्द लिहितो, त्यानें डोळे घरीं ठेवून प्रवास केला असला पाहिजे.

एकाच जातीचें व एकाच वयाचें पीक एकदमच आडवें होतें, हेंही तेथें दिसतें. डिसेंबर १९९९ मधील वादळ पुरतें विसरलें गेलें नव्हतें तोंच २४ जानेवारी २००९ च्या वादळानें सुमारें चार कोटि घनमीटर लांकूड लोळविलें. ऑगस्ट १९४९ च्या वणव्यांत ८२ माणसें मेलीं. जुलै २०२२ मध्यें लांदिरास व ला तेस्त येथें मिळून वीस हजार हेक्टरांच्या वर वन जळालें. मात्र ला तेस्तचें जळालेलें वन मुख्यत्वें जुनें होतें, लावलेलें नव्हे. तेव्हां वणव्याचा सगळा दोष लागवडीच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं.

फ्रान्समधील मेंढपाळांची चिंता पुण्यामुंबईच्या वाचकांनीं कां वाहावी, असें कोणी विचारील. हिंदुस्थानच्या जंगलखात्याचे इंग्रज अधिकारी १८६७ पासून कांहीं वर्षें फ्रान्समधील नान्सीच्या वनविद्यालयांतच शिकून येत असत, आणि त्या खात्यानें गायरानें गिळल्याची तक्रार जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्यें केली आहे. सरकारी नकाशांतून गवताळ माळ अजूनही ‘पडीक’ या सदरांत पडतात. पुण्याच्या टेकड्यांवर परदेशीं गिरिपुष्पाची दाटी झालेली पाहून आपण वृक्षारोपणाचें पुण्य पदरीं पडल्याचें समाधान मानतों, आणि धनगराचा कळप दिसला कीं तो वनाचा शत्रु ठरतो. परदेशीं जाऊन लागवडीस अरण्य म्हणावयास शिकलेला डोळा घरीं परत आल्यावर निराळें काय पाहणार?

सहलीवर निघालेल्यास इतिहासाचें ओझें कशाला, या प्रश्नास आमच्यापाशीं एकच उत्तर आहे: दिवस एक जास्त काढावा. मिमिझां येथें समुद्र सोडून सायकल पूर्वेस वळवावी. वाटेंत आर्नोदेंचें लाबुएर लागेल; मग सोल्फेरिनो, जेथें तिसऱ्या नेपोलियननें स्वतःची जहागीर वसविली; आणि पुढें साब्र. साब्रला सायकल ठेवून जुन्या आगगाडीनें मार्केझला जावें. तेथें ओक वृक्षांच्या सावलींतील जुनीं घरें आणि मेंढ्यांचे वाडे राखून ठेविले आहेत. त्या ओकांच्या पलीकडे, जेथें पूर्वीं माळ लागत असे, तेथें आतां पाइनच्या ओळी सुरू होतात.