बाटलीवरचं बारीक अक्षरातलं नाव वाचा

कपाशीवर औषध मारायला निघणाऱ्या प्रत्येकाला आणि त्याच्या घरातल्या शिकणाऱ्या पोरांना ही विनंती आहे. बाटलीवर ठळक छापलेलं नाव कंपनीनं ठेवलेलं असतं. त्याच्या खाली बारीक अक्षरात रसायनाचं नाव असतं, जसं ‘प्रोफेनोफॉस ५० टक्के ईसी’. पंप भरण्याआधी ते वहीत उतरवून घ्या.

मग मोबाइलवर ‘पबकेम’मध्ये हे नाव टाका. अमेरिकी सरकारी संस्थेचा हा रसायनांचा संग्रह २००४ पासून सगळ्यांना फुकट खुला आहे. मजकूर इंग्रजीत आहे, म्हणून कॉलेजात जाणाऱ्या लेकीला शेजारी बसवा. विष कातडीतून भिनतं का, श्वासातून जातं का, लक्षणं कोणती, एवढं शोधायला सांगा. प्रोफेनोफॉस ज्या ऑर्गनोफॉस्फरस गटातलं आहे, त्या गटाच्या विषबाधेत दरदरून घाम सुटतो, तोंडाला लाळ येते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि श्वास कोंडतो. हे आधी माहीत असेल, तर ‘ऊन लागलं असेल’ म्हणून माणसाला बांधावर निजवून ठेवलं जाणार नाही.

ज्या रसायनाची चाचणी झालेलीच नाही, त्याच्या विषारीपणाचा अंदाज सांगणारी सॉफ्टवेअरंही आहेत. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं ‘टेस्ट’ आणि ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेचं ‘क्यूसार टूलबॉक्स’ ही दोन्ही मोफत मिळतात. रेणूची घडण पाहून, तशाच घडणीच्या आधी तपासलेल्या रेणूंवरून ती अंदाज बांधतात. कृषी आणि फार्मसीच्या विद्यार्थ्यांनी ती जरूर शिकावीत. मात्र त्या उत्तराच्या भरवशावर कुणी हातमोजे आणि मास्क काढू नये. असा अंदाज बहुधा एकट्या रेणूचा असतो. बाटलीत त्याच्यासोबत द्रावक असतो, आणि पंपात आपण दोन कीटकनाशकं, एक बुरशीनाशक आणि वरून टॉनिक ओततो. त्या मिश्रणाची चाचणी सहसा कुणीच केलेली नसते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा पुढे आलेल्या कारणांत अशी मिश्रणंही होती. संग्रहात एखाद्या गोष्टीची माहिती सापडली नाही, तर ती निर्धोक आहे असं समजू नका.

त्रास सुरू झाला, तर १०८ ला फोन करा आणि बाटली, माहितीपत्रक सोबत न्या. उतारा त्यावर छापलेला असतो. डॉक्टरांनाही कळकळीचं सांगणं आहे. केसपेपरवर नुसतं ‘फवारणीची विषबाधा’ लिहू नका. रसायनाचं नाव, टक्केवारी, सोबत काय मिसळलं होतं, सगळं लिहा. प्रयोगशाळेत उंदरांवर चाचण्या होतात. शेतातल्या मिश्रणानं माणसाचं काय होतं, ते अशा नोंदींतूनच कळेल. या नोंदी रुग्णाचं नाव वगळून जिल्हा रुग्णालयांनी सर्वांसाठी खुल्या कराव्यात, असा ठराव येत्या ग्रामसभेत मांडा आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवा.